टाकीवरचा दिवा

९ फेब्रुवारी, मंगळवार

मोटर फिरली! जुन्या वॉशिंग मशीनची मोटर, तिला पट्टा लावून वेग एवढा उतरवला की दिवा आता संथ फिरतो — जेवणानंतर शतपावली घालणाऱ्या माणसासारखा. गेल्या खेपेचा गरगरायचा, बघणाऱ्याला भोवळ. काच नवी, हिरवी. कडेने रबर बसवलं. कॉलेजच्या विद्युत विभागाचे सर पाण्याच्या टाकीखाली उभे राहून बघून गेले. म्हणाले, जमलंय. जमलंय म्हणे! जमत नसतं, जमवावं लागतं. मी सातवीत शाळा सोडली, पुढचं सगळं जळालेल्या वायरींनी शिकवलं. त्या शाळेला सुट्टी नव्हती.

जेवताना हिला पट्ट्याचं गणित समजावलं. ही ऐकते. कळत नाही, पण मध्ये उठत नाही. पोरगी म्हणाली, बाबा, आता आईला वायरमनच्या परीक्षेला बसवा.

१० फेब्रुवारी

प्राचार्यांच्या खोलीत बैठक. खुर्च्या लांब लांब, सगळ्यांचे मास्क, निम्मं बोलणं ऐकूच येत नाही. शनिवारी फुटबॉलची फायनल. दुसऱ्या गावी, रिकाम्या मैदानावर — साथीमुळे प्रेक्षक नाहीत. इथली वसतिगृहं निम्मी भरलीत, प्रात्यक्षिकांसाठी पोरं परत बोलावलीत. जिंकलो तर काय करायचं, हा प्रश्न.

आमच्याकडे जिंकलं की टाकीवर दिवा लागतो. पोरं टाकीखाली जमतात, मी वरून व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळी भिजतात. म्हणून तर मला टाकीकाका म्हणतात. यंदा गर्दी नको, हे सगळ्यांना मान्य. वॉर्डनबाई म्हणाल्या, दिवाही नको.

मग मी उठलो. म्हटलं साहेब, हा दिवा वसतिगृहाच्या एकूण एक खिडकीतून दिसतो, मी मजल्यामजल्यावर जाऊन खात्री केलीय. पोरं खोलीतून बघतील. पाणी सोडणार नाही. काहीच केलं नाही तर मात्र चवताळून बाहेर पडतील. प्राचार्यांना पटलं. 'हा सुरक्षित मार्ग आहे,' असं त्यांनी लिहूनही घेतलं.

बाई तेवढं बोलल्या — "काका, दिवा लागला की खाली धावायचं, एवढंच पोरांना ठाऊक आहे."

बाई इतिहास शिकवतात. उजेडाचं त्यांना काय!

१२ फेब्रुवारी

प्रत्येक जिन्यात पाटी लावली, माझ्या अक्षरात: दिवा खोलीतूनच पाहावा. खाली येऊ नये. अक्षर ओळीत, एक काना इकडचा तिकडे नाही. वसतिगृहाचा रखवालदार, ज्याला सगळे दाढी म्हणतात, तो म्हणाला, पोरं पाटी वाचत असती तर कॉलेजात कशाला आली असती.

१३ फेब्रुवारी, शनिवार

जिंकलो. आज लिहिण्यात अर्थ नाही.

१४ फेब्रुवारी

पेनल्टीवर जिंकलो. मी टाकीवर होतो, मोबाइल कठड्याला टेकवलेला. दिवेलागणीची वेळ. शेवटचा गोल झाला आणि मी बटण दाबलं. दिवा फिरला. हिरवा पट्टा भिंतींवरून असा गेला की मला माझंच कौतुक वाटलं. खिडक्यांत पोरं दिसली — सगळ्या खिडक्यांत! मनात म्हटलं, बाई, बघा आता.

मग खिडक्या रिकाम्या झाल्या.

जिन्यांतून पाइप फुटल्यासारखा आवाज आला. बघता बघता टाकीखालचा चौक भरला. निम्म्यांचे मास्क हनुवटीवर, निम्म्यांचे खिशात. गळ्यात गळे, एकमेकांच्या तोंडावर ओरडणं. दाढी मध्ये हात पसरून उभा राहिला तर पोरांनी त्यालाच खांद्यावर घेतलं. आधी शिव्या घालत होता. नंतर हसताना दिसला. वरून सगळं दिसतं, हेच वाईट.

मी ओरडलो. खालून उत्तर आलं, काका, पाणी! काका, पाणी! मग मी दिवा बंद केला. वाटलं, दिवा गेला की पांगतील. अंधार झाला तशी मोबाइलची बॅटरी लावून उभी राहिली, उलट आणखी जवळ सरकली. चौकात माणसाला माणूस चिकटलेलं. मी वरच बसून राहिलो. चौक मोकळा झाल्यावर उतरलो.

घरी, लायब्ररीमागच्या क्वार्टरमध्ये, ही झोपलेली. बरं वाटलं. विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

१६ फेब्रुवारी

कॅम्पस बंद. फाटकावर पट्टी. प्राचार्यांनी मला बोलावलं नाही. फोनवर म्हणाले, तूर्त दिव्याचा विषय नको.

१८ फेब्रुवारी

हिला ताप. खोकला कोरडा. हिचं एक फुफ्फुस क्षयाने लहानपणीच निम्मं खाल्लेलं. डॉक्टर तेव्हापासून सांगतात, हिला साधी सर्दीही होऊ देऊ नका. म्हणून तर आम्ही सालभर पाळलं! ही अंगणाच्या फाटकाबाहेर पडली नाही. माझे कपडे दारातच उतरतात, साबणाच्या पाण्यात जातात. भाजी मी मिठाच्या पाण्यात बुडवून मग आत देतो. बुटांची जागा खडूने आखलेली आहे. कुठून शिरलं? कुठून?

२० फेब्रुवारी

हिचा रिपोर्ट आला. तेच आहे. माझा साफ. मी उंचावर होतो, एकटा. म्हणजे पोरगी.

स्वयंपाकघरात उभं करून विचारलं. शनिवारी मी नसताना कुठे होतीस? आतून हिच्या खोकल्याचा आवाज आला. पोरीने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी गेले होते, बाबा. चौकात."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. कागदालाही लाज वाटेल. शेवटचं तेवढं लिहितो, कारण ते मी विचार करून बोललो: तुझ्या आईला काही झालं तर मला बाप म्हणू नकोस.

ती रडली नाही. आईसाठी पाणी गरम करायला ठेवलं. हा कोडगेपणा कुठून आला?

२१ फेब्रुवारी

पोरीचा रिपोर्टही साफ. गर्दीत लोळून आली आणि अंगाला काही नाही. म्हटलं, नशीबवान आहेस बाई, आईच्या वाट्याला पाठवून मोकळी झालीस. ही पलंगावरून हाताने नको नको करत होती. हिला लेकीची बाजू घ्यायची सवयच आहे.

२२ फेब्रुवारी

बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा नव्वदीच्या खाली. यंत्रच बिघडलं असेल म्हणून उघडलं, सेलची पत्री घासली, परत जोडलं. यंत्र ठीक होतं.

ॲम्ब्युलन्स आली. आत बसू दिलं नाही. ही मास्कमधून काहीतरी सांगत होती, पोरीकडे बोट करून. मला वाटलं, तिला जेवू घाला म्हणत असेल. हो हो म्हटलं. दार लागलं.

२४ फेब्रुवारी

चौकशी समिती, मोबाइलवर. चौकोनाचौकोनांत माणसं. एका सरांनी विचारलं, दिवा लावायची कल्पना कोणाची? प्राचार्य म्हणाले, परंपरा आहे. मी माईक चालू करायला हात नेला. तेवढ्यात दुसरे म्हणाले, मुलं बेजबाबदार आहेत. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. खोटं नाही ते. बेजबाबदार आहेतच. त्यातली एक माझ्याच घरात आहे.

वसतिगृहाचा तिसरा मजला सगळा आजारी. पोरं तरुण आहेत, उठतील.

२६ फेब्रुवारी

दाढी गेला.

२७ फेब्रुवारी

वॉर्डनबाई भेटल्या, फाटकापाशी. वाटलं, आता ऐकवतील. ऐकायची तयारी करून उभा राहिलो. त्यांनी हिची चौकशी केली, रक्त लागलं तर सांगा म्हणाल्या आणि गेल्या. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी टाकीवर चढलो. पट्टा काढला, मोटर सोडवली. काच मात्र फुटेना. चांगली बसवलीय.

२८ फेब्रुवारी

पोरगी स्वयंपाक करते, ताट झाकून ठेवते, आत जाते. आमच्यात बोलणं नाही. आज भाजीत मीठ नव्हतं. तिला सांगितलं नाही, तसंच खाल्लं. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त फ्रिजचा.

हॉस्पिटलमधून रोज एकच वाक्य: परिस्थिती आहे तशीच आहे. आहे तशी म्हणजे कशी? मी आकडा विचारतो. ते म्हणतात, तुम्ही आकड्यात नका शिरू.

१ मार्च

आज आकडा सांगितला. न विचारता.

२ मार्च

दुपारी नर्सने फोन लावून दिला. थोड्या वेळात नळी घालणार, मग बोलता येणार नाही, म्हणाली.

ही शब्दागणिक थांबत होती. "पोरीला बोलू नका. ती घरातच होती. मी गेले होते. आठवडाभर त्या दिव्याचंच सांगत होतात. आपल्या खिडकीतून लायब्ररी आड येते. म्हटलं, पाच मिनिटं बघून यावं. कडेलाच उभी होते हो, मागून पोरं आली." बराच वेळ नुसता श्वास. "तिला मीच म्हटलं, सांगू नको. बाबा जिवाला लावून घेतील."

मी फोन कानाला घट्ट दाबला. मग हीच म्हणाली —

"छान फिरत होता."

नर्सने फोन घेतला.

पोरगी आत भांडी घासतेय. नळ चालू आहे. तो बंद होईपर्यंत लिहितोय.