बोटीचं तुटलेलं पातं

११ मे

सोसायटीची मीटिंग झाली, पार्किंगमध्ये. ठरलं — पुरासाठी ठेवलेली सोसायटीची बोट भंगारात द्यायची! सेक्रेटरी हर्षदभाई म्हणाले, दोन गाड्यांची जागा अडवून बसलीय आणि आता सरळ चालतही नाही. धडाधड हात वर झाले. गेल्या ऑगस्टमध्ये हीच माणसं गच्चीवरून "बोट, बोट" ओरडत होती!

विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या समा भागात शिरलं तेव्हा याच बोटीनं ह्यांना डायलिसिसला नेलं. आधीचा वार चुकलेला, अंग सुजलेलं, धड श्वास घेता येत नव्हता. परत येताना पाण्याखाली गेलेला रस्त्याचा डिव्हायडर लागला. इंजिनाचा पाण्यात उतरणारा मागचा भाग वाचला, पण पंख्याखालचं, त्याला जपणारं उभं पातं अर्धं तुटलं. तळव्याएवढा तुकडा, पण तो नाही तर बोट एकीकडे ओढत जाते. पंखाही उघडा पडला. पुन्हा काही लागलं तर थेट त्यालाच.

मी उठून म्हटलं, मी जोडते. हर्षदभाई हसले. "निरूबेन, आ रेल्वेनो डब्बो नथी!"

नसू दे. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात वडिलांच्या जागी वेल्डिंगला लागले, तेव्हाही लोक असेच हसले होते. निवृत्त होईपर्यंत केलं की नाही? महिनाअखेरपर्यंत मुदत घेतली. मीच घेतली, कोणी दिली नाही.

१३ मे

ताडपत्री काढली. पंखा उतरवला, आतलं तेल काढलं. तुटलेली कड घासून चकचकीत केली. मकरपुऱ्याहून आर्गॉन वेल्डिंगचा सेट भाड्यानं आणला. येणारा-जाणारा प्रत्येक जण सल्ला देतोय. एकालाही स्क्रू पिळता येत नाही.

१५ मे

सत्यानाश केला!

लोखंड आधी लाल होतं, मग कळतं की आता वितळणार. जन्मभर त्या रंगावरच हात चालवला. हे अ‍ॅल्युमिनियम. मी आपली वेल्डिंगआधी गॅसच्या ज्योतीवर शेकतेय, लाल व्हायची वाट बघतेय — आणि ते करडंच्या करडं असताना धपकन गळून पडलं. होतं त्यातलं अजून बोटभर गेलं.

वरून हर्षदभाई: "शुं थयुं, बेन?"

"कंई नथी थयुं!"

नारायणला फोन केला. वर्कशॉपात एकाच शेडमध्ये होतो आम्ही. आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "अगं बाई, ते लाल होत नाही. कडेला साबण चोळ. साबण तपकिरी झाला की गॅस बाजूला कर आणि सुरू हो." इतकं साधं! पण मला कोण सांगणार? आपण कधी लोखंडाबाहेर गेलोच नाही.

१६ मे

मनगट भाजलं. मलम लावलं. उद्या परत.

१८ मे

शेजारची कोमल दही मागायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, "काकू, काकांनीपण हात वर केला होता ना त्या दिवशी?"

मी पुढे उभी होते, हे मागे खुर्चीत. मला दिसलंच नव्हतं.

सरळ विचारलं. हे पेपर वाचत होते, तो खालीसुद्धा केला नाही. "माझ्यासाठीच ठेवतेस ना ती बोट? मग मीच सांगतो, नको. टॉवेलात गुंडाळून, पोत्यासारखा उचलून टाकला मला. सगळी सोसायटी बघत होती. पुन्हा नाही."

"अहो, म्हणजे लाजेपोटी मरायचं?"

"घरात मरेन. माझ्या पलंगावर."

इतका राग आला की भांडी आपटली. मग न्हाणीत जाऊन रडले, नळ सोडून. माणूस वाचला हेच मला सगळं, आणि ह्यांच्या डोक्यात तो टॉवेल! जोडणार म्हणजे जोडणार. ह्यांचं मत मी मोजत नाही.

२१ मे

बसलं! साबण तपकिरी झाला, नवी पट्टी लावली, दोन्ही अंगांनी भरत गेले. आधी आत मुरलेल्या तेलाचे बुडबुडे येत होते. ते खरवडून काढले, पुन्हा भरलं. थंड झाल्यावर हातोडी मारून बघितली. हललं नाही. संध्याकाळभर कानस चालवून आकार आणला. खांदे भरून आलेत.

जेवताना ह्यांना सांगितलं. "बरं," म्हणाले. एवढंच.

२५ मे

टेम्पोत घालून बोट सिंधरोटला नेली, मही नदीत उतरवली. हर्षदभाई खात्री करायला आले होते, बूट हातात धरून. सुकाणू मी धरलं. पलीकडे जाऊन आले — काडीइतकीही ओढली नाही!

"सीधी चाले छे, हं," हर्षदभाई म्हणाले. बोट राहिली. त्यांनीच सांगितलं, सगळ्यांसमोर.

हे आले नव्हते. मी चला म्हटलंही नव्हतं.

२८ जुलै

काल रात्रीपासून पाणी चढतंय. बोट जिन्याला बांधलीय. उद्या ह्यांचा डायलिसिसचा वार, रस्ते आत्ताच बुडालेत.

"चला." "नाही." हात जोडले, ओरडले, पायाशी बसले. ह्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा नाहीच म्हणाले. ओढून नेता आलं असतं. त्या अंगात आता आहे काय? पण हात लावला नाही मी. पहिल्यांदाच खरी भीती वाटली.

खालून हर्षदभाई हाका मारतायत, त्यांच्या आईला दम लागलाय. निघतेय. दारातून ह्यांना म्हटलं, "मी येईपर्यंत थांबा. मग भांडू."

"थांबतो," म्हणाले.