पिवळ्या रेघा आणि चार सॉरी

४ मार्च, मंगळवार
गाडीच्या काचेवर कौन्सिलची दंडाची नोटीस. बेकरीसमोर, दोन पिवळ्या रेघांवर (म्हणजे थांबायला मनाई) गाडी लावली म्हणून. लगेच भरला तर निम्म्यात सुटका. ग्लेनिस (बायको) म्हणाली, भरून टाक आणि मोकळा हो. भरणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. माल चढवायला तिथे थांबता येतं, असं मी नेटवर वाचलंय. ग्लेनिसने विचारलं, कसला माल? पोर्क पाय (खिमा भरलेली पेस्ट्री). किती? एक. पण मोठा होता.

७ मार्च
हरकतीचं पत्र रवाना. भाषा इतकी कडक की कौन्सिलची पाचावर धारण बसणार. ग्लेनिसने वाचायला नकार दिला. हेवा.

२५ मार्च
हरकत फेटाळली. नोटीस लावणाऱ्या वॉर्डनबाईंनी आपल्या नोंदीत लिहिलंय, "चालक चार वेळा सॉरी म्हणाला." म्हणजे म्हणे मी चूक कबूल केली! पहिलं सॉरी बाईंनी माझ्या बुटावर बूट ठेवला म्हणून. दुसरं त्या शिंकल्या म्हणून. बाकीची सवयीने. या देशात माणूस दिव्याच्या खांबाला धडकला तरी खांबाला सॉरी म्हणतो. निम्म्या दंडाची मुदत गेली, जाऊ दे. आता ट्रिब्युनलकडे अपील.
ठराव: निकाल लागेपर्यंत सॉरी म्हणायचं नाही. कुणालाही.

२६ मार्च
पोस्टाच्या रांगेत एका आजीबाईंनी माझ्या बोटांवरून ट्रॉली नेली. मी गप्प. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. आजीबाई म्हणाल्या, काय पण माणसं असतात. बाहेर आल्यावर दारालाच सॉरी म्हणून घेतलं. ते धरत नाही, साक्षीदार नव्हता.

९ एप्रिल
दिवसभर फाइल. रेघांचे फोटो (एक रेघ चक्क फिकी आहे!). बेकरीवाल्याने तसलाच पोर्क पाय तोलून दिला, तोंड वाकडं करून. या गडबडीत ग्लेनिसला डोळ्यांच्या दवाखान्यातून आणायचं राहून गेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डोळ्यावर पट्टी, त्यात आधी भलत्याच बसमध्ये चढली. अंधारून आल्यावर घरी पोचली. कोटही न काढता म्हणाली, "क्लाइव्ह, एकदा सॉरी म्हण. बाकी काही नको मला."
मी तिला शांतपणे समजावलं की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

१० एप्रिल
ग्लेनिस बहिणीकडे गेली, व्हिटबीला. समुद्राची हवा डोळ्यांना चांगली. दोन दिवसांत येईल.

२२ एप्रिल
आली नाही. रोज टोस्टवर बीन्स. फोन केला की तिची बहीण विनिफ्रेड उचलते, "तू होय," म्हणते आणि ठेवते. जिंकलो की निकाल फ्रेम करून पाठवणार. ग्लेनिसचा ऊर भरून येईल. घर फार शांत आहे. अभ्यासाला बरं. चहा अजून दोघांचाच टाकला जातो.

६ मे
फोनवर सुनावणी. सुरुवात दणक्यात. मग निवाडा देणाऱ्या बाई म्हणाल्या, "सॉरी, आवाज तुटतोय तुमचा." मी म्हणालो, "सॉरी, सॉरी." जीभच ती. पुढे त्यांनी विचारलं, तो पोर्क पाय हातात धरून चालत नेता आला नसता का? मी म्हणालो, पाऊस होता. त्या म्हणाल्या, हो का.
हरलो. पूर्ण दंड. फिक्या रेघेबद्दल त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

७ मे
दंड भरला. ठराव संपला. व्हिटबीला फोन लावला, आणि चक्क ग्लेनिसने उचलला. तिचा आवाज ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी मोकळ्या मनाने म्हणालो, "ग्लेनिस, सॉरी."
तिने विचारलं, "कशाबद्दल?"
असं कुणी विचारेल याची तयारी केली नव्हती. मी म्हणालो, जरा थांब, फाइल बघून सांगतो.
फाइल घेऊन आलो, तोवर तिने फोन ठेवला होता.