पंचवीस आत, पंचवीस बाहेर

४ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून ही नोंदवही. कारण शास्त्रीय आहे, भावनिक नाही. शेडमध्ये माझ्या सहाशे कोंबड्या पिंजऱ्यात आहेत. काल पिंजरा मोजायला फूटपट्टी सापडेना, म्हणून ही वहीच उघडून आत सरकवली. वही आणि कोंबडी, दोघींना एकदम जागा होईना. कोंबडीने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.
ठरलं. पंचवीस मोकळ्या सोडायच्या, पंचवीस पिंजऱ्यातल्यांना खूण करायची. दोन महिने तुलना. मग जे खरं ठरेल ते करायचं.
बायको म्हणाली, "आधी पाण्याचा गळका पाइप बघा."

७ फेब्रुवारी
जुन्या गोदामाला जमिनीलगत छोटं दार पाडलं. दिवसा अंगणात, अंधार पडायच्या आत गोदामात. दार उघडताच एक तांबडी थेट कुंपणावर. नाव ठेवलं सर्कशीण. तिच्या मागून बाकीच्या. एकीने धुळीत लोळण घेतली. आयुष्यात पहिल्यांदा धूळ. मला चष्मा दोनदा पुसावा लागला. बहुधा धुळीमुळेच.

११ फेब्रुवारी
अंडी: पिंजरा २३, मोकळ्या ६. मोकळ्यांची बाकीची कुठे आहेत, याचा शोध चालू. या सहांतली तीन स्कूटरखाली सापडली, एक बायकोच्या कपड्यांच्या टबात. बायको यावर काय म्हणाली, ते अभ्यासाच्या कक्षेबाहेर.
संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या बाई आल्या. चौथीत मला शिकवायच्या. त्यांचे यजमान, मोजणीदार काका, नोव्हेंबरात पडले आणि कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर चाला म्हणतात. पण माणूस खिडकीशी बसून असतो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, धड जेवत नाही. जन्मभर उन्हातान्हात जमिनी मोजलेला माणूस. "मोकळ्या कोंबडीचं आहे म्हटलं तर खातील रे," बाई म्हणाल्या. सगळी सहा दिली. डब्यात गंमत म्हणून चिठ्ठी टाकली: 'आज सर्कशीण दोनदा कुंपण ओलांडून गेली.'

१३ फेब्रुवारी
काकांनी दोन अंडी खाल्ली! आणि विचारलं, आज काय केलं तिने? आता रोज डबा आणि रोज चिठ्ठी. हे प्रकरण माझ्या हातून चांगलं घडतंय.

१९ फेब्रुवारी
काल संध्याकाळी आलेख रंगवत बसलो होतो. तीन रंगांत. सुरेख झाला. गोदामाचं दार लावायचं राहिलं. मुंगूस.
चार गेल्या. सर्कशीणही. कुंपणापर्यंत पिसं.
'इतर' या रकान्यात लिहिलं: नैसर्गिक कारणे.
बायकोने विचारलं, "दार कोणी लावायचं होतं?" मी म्हटलं, मुंगसाचा स्वभाव. ती म्हणाली, "मुंगसाचं नाही विचारलं."

२० फेब्रुवारी
पिंजऱ्यातल्या चार काढून पंचवीस पुऱ्या केल्या. नमुना पूर्ण हवा. सुरक्षेसाठी दार दोन दिवस बंद.
चिठ्ठी: 'आज सर्कशीण पाण्याच्या टाकीवर चढली.' दुसरं काय लिहिणार? माणूस वाट बघत असतो.

२ मार्च
दार अजून बंद. जाळी लावली की उघडणारच. गोदामात वही घेऊन मोजलं: प्रत्येकीला निदान सहा वह्या जागा आहे. म्हणजे तुलनेने मोकळ्याच. शिवाय अंडी २१! शोधायला वाकावं लागत नाही. डब्यावर 'मोकळ्या कोंबड्यांची' लिहितो, ते खोटं म्हणता येणार नाही. हल्ली अक्षर बारीक येतंय, एवढंच.
बाई सांगत होत्या, काका चिठ्ठ्या मोठ्याने वाचतात आणि उशीखाली ठेवतात. सर्कशीणची त्यांना काळजी वाटते, थंडीत टाकीवर कशाला चढते म्हणतात.

१५ मार्च
बायकोने आज डबा भरता भरता चिठ्ठी वाचली. "ही कुठली टाकी? आपली टाकी जमिनीत आहे."
मी म्हटलं, लेखकाला थोडी मोकळीक असते.
"लेखकाला आहे. कोंबड्यांना कुठंय?" डबा तिने माझ्या हातात दिला. "तुम्हीच नेऊन द्या. मला त्या घरात मान वर करून जाता येत नाही."
दुपारी जेवण गेलं नाही. पित्त असावं. निश्चय: उद्या बाईंना सगळं सांगायचं.

१६ मार्च
सांगणं जमलं नाही. काका झोपले होते, डबा पायरीवर ठेवून आलो.
काका झोपले नव्हते. खिडकीतून हात केला त्यांनी. मी चपलेचा पट्टा बघत उभा राहिलो.

२८ मार्च, दुपारी ४
लिहून टाकतो.
अकरा वाजता फाटकाशी काठीचा आवाज. मोजणीदार काका! एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला बाई. चार महिन्यांनी घराबाहेर पडले, ते थेट माझ्याकडे. "सर्कशीण दाखव," म्हणाले. घामाने शर्ट भिजलेला, चेहरा मात्र फुललेला.
मी गोदामाकडे पाहिलं. दाराला बाहेरून कडी. काकांनीही पाहिली.
तोंडात तयार होतं: आज हवा बरी नाही, लस दिली आहे. ते गिळून टाकलं. म्हटलं, "काका, ती गेली."
"कधी?"
"एकोणीस फेब्रुवारीला. दार लावायला मी विसरलो."
"मग परवा टाकीवर कोण चढलं होतं?"
"कोणीच नाही."
बाई म्हणाल्या, "अरे!" चौथीत म्हणायच्या तसंच.
काका पायरीवर बसले. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "कडी काढ."
काढली. दार सताड उघडलं. आतून पंचवीस कोंबड्या उजेडाकडे बघत राहिल्या. एकही बाहेर येईना. मी दाणे टाकले, टाळ्या वाजवल्या, हातवारे केले. काका म्हणाले, "राहू दे. हाड दीड महिन्यात जुळलं होतं माझं. तरी बघ, किती दिवस लागले."
जाताना माझ्याकडे वळून पाहिलं नाही त्यांनी. डबाही नेला नाही.

३० मार्च
'इतर' रकान्यातलं 'नैसर्गिक कारणे' खोडलं. तिथे लिहिलं: मी.
बाकी तुलना अपूर्ण. दोन्हीकडच्या पंचवीस आतच होत्या, तुलना कशाशी करणार? दार रोज उघडतो, संध्याकाळी स्वतः लावतो, दोनदा तपासतो. बाईंच्या घरी जाऊन आलो. उंबऱ्यातच माफी मागितली. काका म्हणाले, "चिठ्ठी पाठव. खरी."

१ एप्रिल, सकाळी १०
सात वाजल्यापासून दाराशी स्टुलावर बसलो होतो. बाहेर आलेल्या: शून्य. शेवटी अंघोळीला गेलो.
बायकोने हाक मारली, "अहो, सहा आल्या!" टॉवेलवरच धावलो. सहाही परत आत.
ती म्हणाली, "तुम्ही घरातच बसा."
बसलो आहे. खिडकीही लावायला सांगितली आहे तिने. ती बाहेरून आकडे सांगते, मी लिहून घेतो. आत्ता नऊ बाहेर.