धुराड्याची जुनी रेघ

३ मार्च
पोचलो. ताईनं दारातच विचारलं, "भाषणाला आलास की जेवायला?" दोन्हीला, म्हटलं.
कागद कारखान्याचा मालक म्हणतो, धुराडं कललंय, कामगारांनी खोल्या रिकाम्या कराव्यात. त्याला तिथं गोदाम बांधायचंय हे शेंबडं पोरही सांगेल! ताईची खोली तर धुराड्याच्या पायाशीच. रविवारी सभा. ठणकावून सांगणार — एकही वळकटी हलणार नाही!

४ मार्च
माझ्या पहिल्या प्रवासातली रेखाटनं ताईच्या ट्रंकेत निघाली. गावोगावच्या कामगारवस्त्या, लोलकातून पाहून काढलेल्या. पितळी दांडीवर लोलक, त्याच्या कडेला डोळा. समोरची इमारत खालच्या कागदावर उतरलेली दिसते, ती पेन्सिलीनं गिरवायची. माझा चित्रकार मित्र याला नकलाकारी म्हणून हिणवायचा. मला तेच हवं होतं. चित्रकाराला मतं असतात, काचेला नसतात!
हे धुराडंही आहे त्यात. ओळंबा लावल्यासारखं सरळ. सभेत फडकवीन.

५ मार्च
आत्ताचं चित्रही हवं, म्हणजे मालकाचं तोंड बंद. लोलक घेऊन बेकरीच्या ओट्यावर बसलो. जुनं चित्र काढलं तीच जागा, दांडीची तीच खाच. नवा कागद लावायचा आळस केला, जुनंच चित्र लोलकाखाली ठेवलं. खिडक्यांवर खिडक्या बसल्या. छपरावर छप्पर. धुराडं बसेना. माथा जुन्या रेघेच्या बाहेर, ताईच्या खोलीकडे.
डोकं हललं असणार. डोकं हललं की चित्र सरकतं, आणि माझं डोकं कधी स्वस्थ असतं! हनुवटीखाली मूठ घट्ट रोवून पुन्हा पाहिलं.
तेच.

६ मार्च
सकाळी पुन्हा. तेच.
मालक खरं बोलतोय! आणि गोदामही त्याला बांधायचंच आहे. दोन्ही खरं. एवढे ग्रंथ उपसले, लबाडाच्या तोंडच्या सत्याचं काय करायचं ते कुठंच लिहिलेलं नाही.
ताईला बोललो नाही. भाकरी अर्धी का टाकलीस, म्हणाली.

७ मार्च, रविवार
सभेत सांगून टाकलं. लोलक, जुनं चित्र, डोकं हललं की होणारी गफलत, सगळं. धुराडं कललंय, खोल्या सोडा; पण आधी दुसऱ्या खोल्यांची हमी घ्या. उत्तरार्ध कुणी ऐकलाच नाही. मागून एकजण म्हणाला, मालकाकडे जेवून आलाय वाटतं. हशा. मग शिव्या.
माझ्या सभांना ताई कधी येत नाही. आज आली होती. उठून उभी राहिली.
"डोकं हललं नव्हतं ना रे?"
"नाही, ताई."
"मग झालं."
वळकटी बांधायला गेली. तिच्यामागून शेजारीण. मग एकेक करत सगळे.

२१ मार्च
ताईसकट सारे अजून शाळेच्या पडवीत. रिकाम्या खोल्यांपुढे गोदामाच्या विटांची पहिली गाडी उतरली. धुराडं उभंच आहे. मालकाच्या मुकादमानं मला रस्त्यात वाकून नमस्कार केला.