चिखलीला एकटीच गेले

गुरुवार, संध्याकाळ

आज यांना न सांगता चिखलीला गेले. तिथं दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरते, घरच्या बायकांनाही बसू देतात. दाराबाहेर माझ्या शाळेतल्या मोठ्या बाईंच्या चपला ओळखल्या आणि परत फिरावंसं वाटलं. त्यांनीच हात धरून आत नेलं. म्हणजे त्यांच्याही घरी... इतकी वर्षं कळलंच नाही? "नवरा पेते, त्यात तुयी चूक नाही वो," एवढंच बोलल्या. मी खूप रडले. त्या चपला अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

घरी येऊन यांना सगळं सांगून टाकलं. आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. हे खाली पाहत म्हणाले, "पुढच्या खेपेले मलेही नेशीन काय?"