डाव्या हाताच्या नळ्या

४ फेब्रुवारी, बुध.

...त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. आठ दिवसांनी. हंडे, कळशा, पिंप, शेवटी पातेलीसुद्धा भरून घेतली. अंगण झाडलं. चार भाकऱ्या थापल्या. मैद्याची खळ शिजवायला ठेवली. हे उंबऱ्याशी पाट टाकून बसले आणि आदल्या दिवशीच्या पानापासून पुढं वाचायला लागले.

दम्यामुळं ह्यांना फटाक्याच्या कारखान्यात जायची बंदी. सगळं गाव फटाक्यांवर, तेरखेड्यात राहून दुसरं काम काय करणार? म्हणून वाटून घेतलेलं. मी घरात बसून सळईवर रद्दीचा कागद गुंडाळून फटाक्यांच्या रिकाम्या नळ्या वळायच्या, ह्यांनी रद्दीत निघालेलं पुस्तक वाचून दाखवायचं. दम लागला की थांबायचे. तेवढ्यात मी पुढं काय होईल ते ठरवायची.

आज खळ ढवळताना तीच सकाळ आठवली. काही विशेष नव्हतं तिच्यात.

पुस्तक फळीवर आहे. तीन वर्षं झाली. ह्यांनी खूण म्हणून फटाक्याच्या वातीचा तुकडा घातलेला, तो तसाच. पुढची चाळीसेक पानं राहिली.

७ फेब्रु., शनि.

नव्या रद्दीत एक मिळालं. कव्हर नाही, नाव नाही. एका ग्रहावर कायम संध्याकाळ. झोपायचं कधी हे घंटा वाजवून ठरवतात. कल्पना चांगली. पण एवढ्या वस्तीला पाणी कुठून येतं, ते लेखकानं एका ओळीत उरकलंय. ज्याच्या घरी रोज नळ येतो अशा माणसानं लिहिलेलं दिसतंय. भांडी कोण घासतं, तेही नाही.

शेवट मात्र आवडला. पहिल्यांदाच अंधार पडतो. लोक घाबरत नाहीत, अंगणात अंथरुणं टाकतात.

मी चौथी पास. बाकीचं रद्दीनं शिकवलं. हे गेल्यावर एकटीनं, बोट ठेवून. आता 'गुरुत्वाकर्षण' अडत नाही.

९ फेब्रु., सोम.

जादूचं पुस्तक. पातळ. मेलेला राजा एका दिवसासाठी परत येतो आणि राणी तो दिवस दरबार भरवण्यात घालवते. मूर्ख बाई. मी असते तर खळ ढवळायला बसवलं असतं.

पुस्तक संपलं, लगेच त्याच्या नळ्या केल्या. वाचून झालेलं मी ठेवत नाही. घरात जागा नाही. फळीवरचं तेवढं एकच.

१० फेब्रु., मंगळ.

फळीवरच्या पुस्तकाबद्दल. एकदा लिहून ठेवते.

रेवती नावाची बाई यानात. यान इतकं लांब गेलंय की तिचा निरोप घरी पोचायला अकरा वर्षं लागतात, उत्तर यायला आणखी अकरा. नवरा इकडं पृथ्वीवर. ती निरोप धाडते, कामाला लागते, म्हातारी होते. मग एक दिवस उत्तर येतं. तिनं ते अजून उघडलेलं नाही. तिथं हे थांबले.

मी म्हटलं, उत्तर दुसऱ्या कुणाचं तरी असणार, नवरा गेला असेल. इतकी वर्षं माणूस थांबत नाही.

हे म्हणाले, "थांबतो. पैज लाव."

लावली. मी हरले तर महिनाभर दुपारचा चहा मी करायचा, ते हरले तर त्यांनी. हसलो आम्ही. खोकला आला, वात घातली, पुस्तक मिटलं. त्याच आठवड्यात दवाखाना. मग नाहीच.

१२ फेब्रु., गुरु.

अंगात ताप. लग्नसराईचं काम अंगावर. धाकटी जाऊ शांता आली. म्हणाली, "अक्का, तुमी पडा. नळ्या म्या वळते."

१४ फेब्रु., शनि.

ताप आहे. शांता दोन दिवस इथंच. गोणी भरून नळ्या नेऊन दिल्या म्हणे. देवमाणूस.

१५ फेब्रु., रवि.

फळीवर पुस्तक आहे, पण निम्मं हलकं लागलं.

शेवटून फाडलंय. वातीपर्यंत.

शांताला विचारलं. ती म्हणाली, "म्या काय वाचून फाडलं व्हय? रद्दी संपली हुती. फळीवर कागद दिसला, जाड हुता. वातीपाशी आल्यावर थांबले. म्हटलं, ही कामाची दिसती, ऱ्हाऊ द्यावी."

तिच्यापुढं चहा ठेवला. काय बोलणार? माझ्याच अंगावरचं काम होतं. ती निघून गेली, चहा तसाच ठेवून.

रात्रभर एकच. तीन वर्षं हाताशी होतं तेव्हा हात लावला नाही. आता नाही तर

१६ फेब्रु., सोम.

सकाळी शांता दारात. पदर खोचलेला. "चला कारखान्याकडं. बुधवारपातूर दारू भरत न्हाईत, म्या विचारून आले."

वाटेत तिनं विचारलं, एवढं काय हुतं त्यात. पैज सांगितली.

"मग दादांचं खरं का तुमचं?"

"माहीत नाही."

"म्हंजी तीन वर्सं घरात हुतं, आन् वाचलं न्हाई?"

हिला कसं सांगू? पैज जिंकायची भीती वाटते असं कुणी म्हणतं का?

नळ्या गोळा करणारे बाबूमामा म्हणाले, "आज उद्या काय ते शोधा. एकदा माल भरला की मग तुमचं पुस्तक आभाळातच वाचा." पण खोली उघडून दिली. अट एक, जेवढ्या न्याल तेवढ्या नव्या वळून आणायच्या.

गोण्यांचा ढीग. सगळ्या गावातल्या बायकांच्या नळ्या. मला रडू यायचं बाकी होतं. शांता खाली बसली, एक नळी उचलली, टाकली, दुसरी उचलली. "ही माझी."

शांता डावरी. ती सळई उलटी फिरवते, म्हणून तिच्या नळीची कड उलट्या बाजूला येते. आमच्या सगळ्यांची एका बाजूला, तिची एकटीची दुसऱ्या. सासूबाई, तिच्या आत्याबाई, तिला त्या हातानं वाढू देत नसत. पाहुण्यांसमोर तर नाहीच.

"आत्याबाई असत्या तर दावलं असतं, ह्यो हात कशाला लागतो ते," म्हणाली. हसली.

१७ फेब्रु., मंगळ.

संध्याकाळपर्यंत डाव्या हाताच्या सगळ्या नळ्या वेगळ्या केल्या. निम्म्या भलत्याच निघाल्या, गाइडची पानं, लग्नपत्रिका. त्या परत टाकल्या.

आपल्या पुस्तकाच्या तेवढ्या घरी आणल्या. परातीत कोमट पाणी, त्यात एकेक नळी. खळ सुटली की हळू उलगडायची. शाई टिकली. कडा तेवढ्या गेल्या.

उलगडताना नजर दुसरीकडं. एक शब्द दिसला तरी सगळं कळेल असं वाटत होतं. शांता म्हणाली, "आणा इकडं. म्या बघितलं तरी काय कळायचंय मला?"

मी अक्षर लागणार नाही इतकी लांब, उंबऱ्यात; तिनं पानं खाटेवर, दोरीवर, ज्वारीच्या कणगीवर वाळत घातली. माझ्या घरात इतकी पुस्तकाची पानं एकदम कधीच दिसली नव्हती. वाऱ्यानं हलत होती. त्या कायम-संध्याकाळच्या ग्रहावर असंच काहीतरी दिसत असेल.

१८ फेब्रु., बुध.

नव्या नळ्या वळून दिल्या. मी उजव्या, तिनं डाव्या. बाबूमामा हातात घेऊन बघत राहिले. म्हणाले, तीस वर्षं नळ्या बघतोय, हे कधी दिसलं नाही.

२२ फेब्रु., रवि.

चार दिवस लिहिलं नाही.

शुक्रवारी पानं लावली. शांताला अक्षर येत नाही, आकडे येतात, बाजारामुळं. मी भिंतीकडं तोंड करून बसले आणि तिनं पानांवरचे आकडे बघून एकावर एक रचली. मध्येच थांबली. एक पान नाही. बहुतेक एखाद्या गोणीच्या तळाला राहिलं.

शेवटचं आहे का, मी विचारलं.

"शेवटचं हाय. मधलं गेलंय. मधलं काय, तुमी सांगाल की बसवून."

गोधडीच्या सुईनं पुस्तकाला शिवून दिलं. वातीला हात लावला नाही. जाताना म्हणाली, कधी वाचणार. बघू म्हटलं.

"बघू म्हंजी आणिक तीन वर्सं. आन् अक्का, त्या बाईनं उत्तर उघडलंच न्हाई, तर तिकडनं धाडणाऱ्यानं काय करावं?"

रात्री पुस्तक फळीवर न ठेवता उशाशी घेतलं.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. हंडे भरले, भाकऱ्या केल्या, खळ शिजवली. शांताला बोलावून सळई तिच्या हातात दिली. उंबऱ्याशी पाट टाकला, वात काढून पदराच्या गाठीला बांधली आणि तिथून पुढं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.