आई, काल आपण तिसऱ्यांदा हरलो

प्रिय आई,

काल संध्याकाळी टाउन काउन्सिलच्या मीटिंगमध्ये तुझ्या जागी मी उभी राहिले, बोलले, आणि आपण हरलो. तीन विरुद्ध दोन. तुला जाऊन पाच महिने झाले, तरी गाडीत बसल्यावर पहिला विचार आला तो हाच, की आईला सांगायला हवं. म्हणून लिहितेय. रडायला नाही हं. मी जाम चिडलेय, आणि माझं चिडणं तुझ्याइतकं कोणाला समजणार?

आधी एक कबुली देते. डॅरिलच्या वेळी मी तुला गप्प बसायला सांगितलं होतं.

नागपूरहून आमच्याकडे न्यू जर्सीला येऊन तुला वर्षही झालं नव्हतं. भर दुपारी तू कॉम्प्लेक्सच्या लाँड्री रूममध्ये चादरींच्या घड्या घालत होतीस. खिडकीबाहेर, पार्किंगमध्ये, पोलिसांनी डॅरिलला अडवलं. खालच्या मजल्यावरच्या रूबीचा हा मुलगा, तुझ्या नातीच्या, आपल्या मिनूच्या स्कूलबसचा ड्रायव्हर. हातात धुवायच्या कपड्यांची बास्केट होती बिचाऱ्याच्या. कुठल्याशा चोरीतल्या माणसासारखा दिसतो म्हणे! आणि तो माणूस कसा दिसत होता? काळा. झालं वर्णन!

दुसरी कोणी असती तर आत सरकली असती. तू काय केलंस? भिंतीवरची नोटीस ओढून काढलीस आणि पर्समधल्या पेन्सिलीने तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शॉर्टहँडमध्ये लिहायला लागलीस. नागपूरच्या कोर्टात एकतीस वर्षं स्टेनो होतीस ना! पोलिस काय म्हणाले, डॅरिल काय म्हणाला, शब्दन् शब्द. ‘माझे हात दिसतायत ना, सर?’ असं तो तीनदा म्हणाला होता. मग त्यांनी त्याचं तोंड गाडीच्या बॉनेटवर दाबलं. पोलिसांच्या रिपोर्टमध्ये मात्र आलं, की त्यानेच पोलिसाला धक्का मारला.

‘आई, प्लीज,’ मी म्हणाले होते. ‘न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या सप्टेंबरनंतर आपल्यासारख्यांकडेही लोक कसे बघतात ते पाहतेस ना? तुझं ग्रीनकार्ड आत्ता कुठे आलंय. आपण यात नको पडायला.’

‘काहून गप बसू?’ तू म्हणालीस. ‘मी ऐकलं, मी लिहिलं. आता फाडून टाकू का?’

त्यावर मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. लाज वाटते गं आज.

डॅरिलच्या साक्षीसाठी तुला कोर्टात सोडायला आले तेही तोंड फुगवूनच. सरकारी वकिलाने तुझा कागद दोन बोटांत धरला आणि म्हणाला, ‘या रेघोट्यांचा अर्थ काहीही लावता येईल. आणि मॅडम, तुम्हाला आमचं इंग्लिश नीट समजतं?’ तू जजकडे वळलीस. ‘साहेब, मला कोरा कागद द्या. यांना काहीही बोलू द्या.’ जजलाही गंमत वाटली असावी. वकील बोलत गेला, मुद्दाम भराभर. संपल्यावर तू सगळं परत वाचून दाखवलंस, त्याच्या अडखळण्यासकट! तो मधे ‘अं’ म्हणाला होता, तोसुद्धा सोडला नाहीस. कोर्ट हसलं. त्याच दिवशी डॅरिल निर्दोष सुटला.

मी बाहेर पेढे वाटायच्या मूडमध्ये, आणि तुझा चेहरा उतरलेला! कारण केस चालू होती तेवढ्यात डॅरिलचं स्कूलबसचं काम गेलं होतं. ते परत मिळालं नाही ते नाहीच. ‘मग निर्दोष म्हणजे काय झालं गं?’ तू विचारलंस.

आणि नुसतं विचारून तू बसून राहिली नाहीस. दर मंगळवारी तू, रूबी आणि तिच्या चर्चमधल्या बायका कोर्टात जाऊन बसायला लागलात. कोणाला वकील मिळाला, कोणाची केस किती मिनिटांत उरकली, सगळं तू टिपायचीस. मग काउन्सिलकडे मागणी केलीत: पोलिस रस्त्यात कोणाला अडवतात, का अडवतात, हे लिहून ठेवा आणि लोकांना दाखवा. काय जगावेगळं मागितलं होतं? दोनदा त्यांनी नाही म्हटलं.

आणि आपले लोक! मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एक काकू तुला म्हणाल्या, ‘त्या लोकांत कशाला जाता हो तुम्ही?’ तू शांतपणे म्हणालीस, ‘‘ते लोक’ हा शब्द नागपुरात आमच्या वस्तीबद्दल ऐकत मी मोठी झाले. तो इथे दुसऱ्या कोणाबद्दल माझ्या तोंडून यायचा नाही.’ मी हातातल्या तिळगुळाकडे बघत बसले. इतकी वर्षं इथे आपली जात कोणाला कळू दिली नव्हती ना मी! गाडीत तुझ्यावर चिडले, ‘सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?’ तू एवढंच विचारलंस, ‘लाजण्यासारखं काय सांगितलं मी?’

काही नव्हतं, आई. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

तर काल तीच मागणी तिसऱ्यांदा. अध्यक्ष म्हणाले, ‘आपलं गाव शांत आहे. नसलेला प्रश्न कशाला उकरता?’ मी विचारलं, ‘शांत कोणासाठी, सर?’ बोलायची तीन मिनिटं संपल्याची बेल वाजली. मी बसले नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रूबी उभी राहिली होती, मग तिच्या सगळ्या मैत्रिणी. आणि मग डॅरिल, आई! त्या दुपारनंतर चारचौघांत त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. तो म्हणाला, ‘लिहायला नावं मिळत नसतील तर माझ्यापासून सुरुवात करा. माझं नाव लिहा.’

तरीही तीन विरुद्ध दोन! पण मागच्या वेळी आपल्या बाजूने एकही हात वर नव्हता, हे विसरू नकोस.

आता माझा शब्द. मंगळवारची सुट्टी मी मॅनेजरकडून लेखी घेतलीय. कोर्टात तुझ्या बाकावर मी बसेन. ‘नाही’ म्हणणाऱ्या त्या तिघांपैकी दोघांची निवडणूक नोव्हेंबरमध्ये आहे. रूबी आणि मी दारोदार फिरणार आहोत, आणि सुरुवात आपल्या मराठी घरांपासून. ‘आपल्याला काय करायचंय,’ म्हणतील. म्हणू देत. मी कोण, कुठल्या वस्तीतून आले, कोणाची मुलगी, हे सांगूनच बोलायला सुरुवात करेन. घाबरत का होईना, पण बोलेन. आणि नोव्हेंबरमध्येही हरलो, तर हीच मागणी घेऊन चौथ्यांदा काउन्सिलपुढे उभी राहीन.

तुझीच,
वैशाली